बिनधुराची चूल

माझ्या उमेदवारीची गोष्ट मी अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. दर वेळी ती एकाच ठिकाणी थांबवली. दिल्लीच्या टेलिव्हिजनमध्ये मला कायम केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की मी खाली बसायचो. पुढचा भाग माझ्या घरातला होता आणि तो सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता वय झालं. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं ती माणसं राहिली नाहीत. पण माझ्या भाभीची मुलं आहेत, सुना आहेत, आणि आपल्या आईबद्दल जे त्यांनी ऐकलं आहे ते खरं नाही. म्हणून लिहितो.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशाच्या अलीकडे. केळी, कापूस आणि उसाचा मुलूख. आम्ही गुजर, घरात गुजरी बोलायचो, गावात अहिराणी आणि शाळेत मराठी. इथे घरातलं बोलणं मी मराठीतच लिहितो आहे. आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा, म्हणजे माझे वडील, मोठा भाऊ, मी आणि भावाची बायको. तिला आम्ही भाभी म्हणायचो.

आमच्यात सासऱ्यासमोर आणि मोठ्या दिरासमोर सून लाज काढते. पदर पार हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही, एक शब्दही नाही. धाकट्या दिराला मात्र हा नियम नाही. धाकट्या दिराशी थट्टा चालते, भांडणही चालतं. आई नसल्यामुळे आमच्या घरात आबा आणि भाभी यांच्यामधला निरोप्या मी होतो. आबा ओसरीवरून म्हणायचे, "सांग, आज ताक नको." भाभी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची, तिने ते ऐकलेलं असायचं, तरी मी आत जाऊन सांगायचो. मग ती म्हणायची, "सांगा, ताक नाहीच आहे." मी कॉलेजला धुळ्याला गेलो तेव्हा ती गोठ्यातल्या म्हशीशी बोलू लागली. "जेवण झालंय गं बाई, कोणाला भूक असेल तर बघ," असं म्हशीला सांगायची आणि आबा हात धुवायला उठायचे.

शेतकीची पदवी घेऊन मी घरी आलो तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं होतं. दिल्लीत टेलिव्हिजन नवंच होतं. इकडे कोणी ते पाहिलेलं नव्हतं. तिथे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करायला शेती कळणारी तरुण मुलं उमेदवार म्हणून घेणार आहेत, अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. मी अर्ज केला आणि मला बोलावणं आलं. शहाद्याच्या मोटारस्टँडवर गावातल्या एकाने विचारलं, "दिल्लीमा काय करी ऱ्हायना तू?" मी म्हणालो, अजून केलं नाही, करायला चाललोय. "शेती सोडीसन?" एवढंच तो म्हणाला आणि तंबाखू मळत राहिला. गावात सगळ्यांनाच मी वाया चाललो असं वाटत होतं. आबांना वाटत नव्हतं. मला नंदुरबार स्टेशनवर पोचवायला ते स्वतः आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे राहिले.

उमेदवारीचे ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. कार्यक्रम तेव्हा थेट व्हायचे. चूक झाली की झाली, पुसता येत नसे. आम्ही उमेदवार म्हणजे पडेल ते काम करणारे: तारा ओढायच्या, पाहुण्याला चहा द्यायचा, बोलणाऱ्याच्या पायाशी लपून त्याला उरलेला वेळ बोटांनी दाखवायचा. स्टुडिओतल्या दिव्यांची आच इतकी की मेथीची जुडी कार्यक्रम सुरू व्हायच्या आत मान टाकायची. आमच्याकडे बाजाराला भाजी नेतात तशी ती मी ओल्या पोत्यात गुंडाळून शेवटच्या क्षणी काढू लागलो. एकदा एक बोकड आणला होता, त्याने तज्ज्ञांच्या हातातले टिपणांचे कागद खाल्ले. मी पडद्याबाहेरून हात घालून त्याच्यापुढे बाभळीचा पाला धरला आणि तज्ज्ञ पाठ होतं तेवढं बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुखांनी मला नावाने हाक मारली. उमेदवाराला नाव असतं हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी परीक्षा होती. प्रत्येकाने आपल्या भागात जाऊन एक छोटी फिल्म करून आणायची. ज्याची चांगली, तो राहील. बाकीच्यांनी आपापल्या घरी जायचं. मला परत जायचं नव्हतं. त्या स्टुडिओच्या दाराबाहेर उभं राहण्याची कल्पनाही मला सहन होत नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

माझा विषय होता बिनधुराची चूल. विकास गटाची माणसं त्या वर्षांत गावोगाव घरांत अशा चुली बसवून देत होती. मातीचीच चूल, पण बंदिस्त, आणि धूर बाहेर न्यायला धुराडं. आमच्याही घरी ती बसली होती. गावात तिला सरकारी चूल म्हणत. मी एका वयस्कर पंजाबी कॅमेरामनला घेऊन गावी आलो. सोबत कॅमेरा, एक टेपरेकॉर्डर आणि मोजकी रिळं. पहिले दोन दिवस गावातल्या बायका पदर तोंडात धरून "चांगली आहे चूल" एवढंच म्हणत होत्या. कॅमेरामन कंटाळला. "अशा फिल्मा दिल्लीत कपाटभर पडल्या आहेत," तो म्हणाला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तोंड पाडून बसलो. भाभी भाकरी थापत होती.

"एवढं काय झालं? चुलीचं लग्न मोडलं का?"

मी म्हणालो, "भाभी, खरं सांगा, ही चूल कशी आहे?"

"चूल चांगली आहे हो. धुराडं बसवणारा वेडा होता." आणि ती सांगू लागली. धुराड्याचं तोंड छपराच्या वर न नेता त्या माणसाने भिंतीतून थेट बोळात काढलं होतं. सगळा धूर बोळात. आणि आबा घरी येणार ते बोळातूनच.

आता आबांचं सांगायला हवं. घरात शिरण्याआधी वडीलधाऱ्याने खाकरायचं, म्हणजे आतली सून पदर घेते, ही रीतच होती. आबांचा खाकरा पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. एक बोळाच्या तोंडाशी, लांब आणि संथ. दुसरा पायरीशी, आखूड. तिसरा ओसरीवर, जणू हजेरी लागली असा. पहिल्याला शेजारच्या दोन घरांतल्या सुनाही पदर घेत.

"आता बोळात धूर," भाभी म्हणाली, "आबांच्या घशात तो जाणार. खोकला येणार. मला कसं कळावं, हा धुराचा की माझ्यासाठीचा? एक खोकला, घेतला पदर. पिठाचे हात, पदर सगळा पांढरा. कोणी येत नाही. काढला पदर. दुसरा खोकला, पुन्हा घेतला. भाकरी करपली. मग खरे आबा येतात ते कसे," आणि तिने तिन्ही खाकरे करून दाखवले. एकेक करून, मान किंचित मागे नेऊन, डोळे अर्धे मिटून. मी पोट धरून हसलो. हसता हसताच मला कळलं की फिल्म सापडली.

ती नाही म्हणाली. एकदा नव्हे, मी जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा. कॅमेरामनपुढे तोंड उघडं ठेवायला तिची हरकत नव्हती. "त्यांची कसली लाज? लाज नात्याची असते," ती म्हणाली. "पण आबांनी पाहिलं तर?"

"आबा कुठे दिल्लीला जाणार आहेत? ते पेटीत दिसतं, भाभी. पेटी तिथेच असते."

"इकडे येणार नाही?"

"नाही."

"शब्द देता?"

"दिला."

"खाकरा नको. बाकीचं सांगते."

"खाकऱ्याशिवाय काही नाही त्यात," मी म्हणालो. आणि मग जे म्हणायला नको होतं ते म्हणालो. "भाभी, हे झालं नाही तर मी परत येतो. मग रोज माझ्याही भाकरी थापा."

तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुम्हाला परत आलेलं बघवणार नाही मला. उद्या आबा प्रकाशाला जाणार आहेत."

दुसऱ्या दिवशी आबा देवळाच्या बैठकीला प्रकाशाला गेले. भाऊ मळ्यात होता. चुलीचं चित्र घेणार एवढंच त्याला माहीत होतं. कॅमेऱ्याची घरघर टेपवर येऊ नये म्हणून आम्ही तो भाभीच्याच गोधडीत गुंडाळला. कॅमेरामन घामाने भिजला. मी टेपरेकॉर्डर घेऊन पोत्यांच्या थप्पीमागे बसलो. भाभीने पदर मागे घेतला, पिठाचा हात कपाळावर फिरवला आणि जे आदल्या दिवशी मला सांगितलं होतं ते, त्याहून रंगवून, सांगितलं. आम्हाला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. रीळ संपल्यावर तो पंजाबी माणूस गोधडीतून डोकं काढून माझ्याकडे बघून म्हणाला, "तू राहिलास."

आणि मी राहिलो. दिल्लीजवळच्या एका खेड्यात पंचायतीच्या खोलीत टेलिव्हिजन ठेवलेला होता. आमचे प्रमुख आम्हाला तिथे घेऊन गेले, कारण फिल्म बघण्यापेक्षा फिल्म बघणाऱ्यांकडे बघा असं ते सांगत. आमची गुजरी तिथल्या लोकांना निम्मी कळत होती, उरलेलं मी हिंदी निवेदनात घातलं होतं. खाकऱ्याची पाळी आली. मागे घुंघट ओढून बसलेल्या बायका आधी हसल्या. पहिल्या खाकऱ्याला दबून, तिसऱ्याला मोकळ्या. मग हुक्का ओढणारे म्हातारे हसले, एकमेकांकडे बोट दाखवून. कार्यक्रम संपल्यावर एक बाई पुढे येऊन सरळ विचारू लागली की धुराडं छपराच्या वर किती न्यायचं. प्रमुख माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरकारी फिल्म बघून कोणी प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला." त्या आठवड्यातच मला कायम केलं. माझ्याबरोबरचे उमेदवार मला घेऊन कॅनॉट प्लेसला जिलेबी खायला गेले. मी त्या दिवशी रस्त्याने चालत नव्हतो, तरंगत होतो. आजही ते आठवलं की ऊर भरून येतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या दिवाळीत रजा घेऊन मी गावी आलो. आबांनी पत्रातून पुन्हा पुन्हा विचारलं होतं, तुझं काम आम्हाला कधी दिसणार. सरकारच्या प्रचाराची मोटार त्या दिवसांत म्हसावद, प्रकाशा करत आमच्या गावी येणार होती. तिच्यात प्रोजेक्टर असे. मी माझ्याबरोबर दोन रिळं आणली होती. एक उसावरच्या रोगाचं, अगदी कोरडं. दुसरं चुलीचं. उसाचं दाखवलं असतं तरी आबा खूश झाले असते. पण गावात ज्यांनी मला वाया गेलेला म्हटलं होतं, त्यांना मला माझं सगळ्यांत चांगलं काम दाखवायचं होतं.

दुपारी भाभीने विचारलं, "कोणतं दाखवणार?"

"चुलीचं. पण तुमचं तेवढं सगळं काढून टाकलंय."

मी ते काढलेलं नव्हतं. काढणार होतो. दोन ठिकाणी कापायचं आणि चिकटवायचं, बस. मोटारीत त्याचं साहित्य होतं. मी रीळ हातात घेऊन उजेडाकडे धरलं, ती छोटी छोटी चित्रं पाहिली. मान मागे नेलेली, डोळे अर्धे मिटलेले. ते काढलं असतं तर उरली असती कपाटातली आणखी एक फिल्म. माझ्याने कापवलं नाही. लोक हसतील, आबाही हसतील, दिल्लीत म्हातारे हसलेच होते की, असं मी स्वतःला सांगितलं आणि रीळ डब्यात ठेवलं.

दिवेलागणीनंतर चावडीसमोर पडदा बांधला. पुरुष पुढच्या बाजूला, बायका पडद्याच्या पलीकडे. तिकडूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. आबा नवं धोतर नेसून, पागोटं घालून पुढे खुर्चीवर. आजूबाजूच्या गावांतली पाहुणेमंडळी त्यांनी स्वतः बोलावली होती. "पोराने केलंय," असं प्रत्येकाला सांगत होते.

आमचा बोळ दिसला आणि लोक ओरडले. आमची भिंत, आमचं धुराडं. मग भाभीचा चेहरा, पडदाभर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, आणि आबांनी आपल्या सुनेचं तोंड तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ती बोलली. तिचा आवाजही त्यांनी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. आणि मग ती आबांसारखी खाकरली.

दिल्लीतलं हसू यापुढे काहीच नव्हतं. इथे प्रत्येकाला तो खाकरा कोणाचा ते ठाऊक होतं. मागून आबांच्याच वयाचा कोणी ओरडला, "आबा, सून ते तुन्हापेक्षा भारी खाकरी ऱ्हायनी." सगळी चावडी लोटपोट झाली. मी प्रोजेक्टरजवळ उभा होतो, आणि खरं लिहायचं तर पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. मग मी आबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते, रागावलेलेही दिसत नव्हते. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसले. फिल्म संपली तेव्हा उपरण्याची घडी केली आणि मळ्याच्या वाटेला लागले.

घरी भावाने भाभीला विचारलं. मी तिथेच होतो, ट्रंकेत कपडे भरत होतो. "कोणी सांगितलं होतं तुला हे करायला?"

भाभीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मलाच हौस आली," ती म्हणाली.

मी शर्टाची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

सकाळी आबांच्या पाया पडायला मळ्यात गेलो. ते म्हणाले, "तुझं काम चांगलं झालं. लोक खूप हसले. घरात आपल्यामागे काय चालतं, ते तुला तरी काय माहीत." मी तोंड उघडलं. मोटार चुकेल, असं काहीतरी बोललो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो आशीर्वाद मी घेतला आणि निघालो.

आबा मळ्यातल्या खोलीतच राहू लागले. सालदार गडी त्यांचं जेवण घेऊन जायचा. ते भाभीच्या हातचं जेवत, पण त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. भाभीला स्वतःची बाजू मांडता आली नसती. सासऱ्याशी बोलायचंच नव्हतं तिला. तिच्या वतीने त्या घरात बोलणारा एकच होता आणि तो दिल्लीत कार्यक्रम करत होता. गावातल्या बायका तिला दिल्लीवाली म्हणू लागल्या. लग्नाघरी गाण्यात पहिला आवाज तिचा असायचा, तो तिने बंद केला. आबा मळ्यातच वारले. त्या दिवाळीनंतर भाभी म्हशीशीही बोलली नाही, असं भाऊ मला एकदा सहज म्हणाला.

मी वाढत गेलो. दिल्ली, मग मुंबई. माझ्या हाताखाली उमेदवार आले, त्यांतले काही मोठे झाले. त्यांना मी चुलीची फिल्म उदाहरण म्हणून सांगायचो. मी काही केलं नाही, फक्त कॅमेरा लावला, बाई आपणहून बोलल्या, असं म्हणायचो. लोकांना तो माझा विनय वाटायचा. ते वाक्य छापूनही आलं आणि गावात वाचलं गेलं. सारं सुनेने आपल्या मनाने केलं, हा आबांचा समज मीच पुन्हा पुन्हा खरा ठरवत होतो.

निवृत्त झाल्यावर मी एकदा फक्त त्यासाठी गावी गेलो. नंदुरबारहून गाडीत बसल्या बसल्या वाक्यं जुळवली. भाभी म्हातारी झाली होती. पदर नुसता डोक्यावर, कारण लाज काढायला वडीलधारं कोणी उरलं नव्हतं. तिने मला जेवायला बसवलं, भरीत वाढलं. घरात गॅस होता. मी म्हणालो, "भाभी, त्या फिल्मचं..."

"चांगली होती हो," ती म्हणाली. "मी तर उलट्या बाजूने पाहिली. सरळ बाजूने बरी दिसत होते का मी?"

मी म्हणालो, फार छान दिसत होतात. ती लाजली आणि भाकरी आणायला उठली. तेवढ्यात नातवंडं आली, दिल्लीचे आजोबा म्हणून मला बिलगली, आणि मी त्यांना बोकडाची गोष्ट सांगू लागलो. निघताना ती पायरीपर्यंत आली. पुन्हा येईन तेव्हा बोलू, असं मी मनाशी म्हणालो. त्यानंतर मला तिच्या दहाव्याला जावं लागलं.

तिच्या मुलांनी हे वाचावं. मी जुळवलेली वाक्यं अशी होती:

भाभी, तुम्ही नाही म्हणाला होतात. मी गळ घातली, शब्द दिला आणि तो मोडला. दुपारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. भावाने विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. तुम्हाला आबांशी बोलता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही की, "आबा, हे सुनेने केलं नाही, तुमच्या मुलाने केलं." भाभी, मला माफ करा.